रावजी टाइमकीपरांचा पाडवा

वच्छलेच्या माहेरी, केमला, पाडव्याची कुणी तयारी अशी करतच नसे. बाप सकाळी बैल धुवून मोकळे सोडायचा. आई कडुलिंबाचा पाला गुळात कुटून प्रत्येकाच्या हातावर ठेवायची आणि तो खाताना कुणाचं तोंड सगळ्यांत वाकडं होतंय यावर भावंडांची पैज लागायची. मग पुरणपोळी जेवून अख्खं घर चिंचेखाली आडवं व्हायचं. संध्याकाळी कधीतरी कुणाला तरी आठवायचं की आज नवं साल लागलं.

लग्न होऊन ती सोलापुरात आली, चाळीतल्या दोन खोल्यांत रुळली, नळावरच्या भांडणात आपला हंडा पुढं सरकवायलाही शिकली. पण सासरचा पहिला पाडवा जवळ आला तेव्हा तिला कळलं की इथं नवं साल पाहुण्यासारखं येत नाही, तपासणीला येतं.

याला कारण तिचे सासरे. रावजी मूळचे जेऊरचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण गेली पंचवीस वर्षं ते गिरणीत टाइमकीपर होते. फाटकाशेजारच्या खिडकीत बसायचं, भोंगा झाला की घड्याळाकडे बघायचं आणि त्यानंतर आत शिरणाऱ्या प्रत्येकाचा उशीर मांडायचा, हे त्यांचं काम. सगळ्या कामगारांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. माणूस वाईट नव्हता. कुणाला उगाच टाकून बोलला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण खिडकीतली नजर संध्याकाळी घरी येताना तिथंच ठेवून यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी घरात एक रीत पाडली होती. पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुलिंब खाऊन झाला की घरातल्या प्रत्येकानं गुढीपुढं उभं राहून सांगायचं की येत्या वर्षात मी अमुक एक गोष्ट करीन. आणि त्याआधी गेल्या पाडव्याला काय बोललो होतो त्याचा जबाब द्यायचा. लिहून ठेवायची गरजच नव्हती. रावजींना कुणी काय बोललं ते शब्दन् शब्द आठवायचं. ते मारत नसत, ओरडत नसत. "झालं न्हाय म्हंजे?" एवढंच विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. तो थांबण्याचा वेळ इतका लांबायचा की गुढीवरच्या तांब्यालाही घाम फुटावा.

त्यात आता लागणारं साल म्हणजे शके अठराशे पन्नास. पाडव्याला आठ दिवस उरले असताना रात्रीच्या जेवणाला रावजींनी सुनेला समजावून सांगितलं की पन्नासाचा आकडा माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, तेव्हा यंदा बारीकसारीक काही चालणार नाही. सावकाश विचार कर, घाई नाही, आठ दिवस आहेत, असंही ते म्हणाले. आठ दिवस आहेत म्हटल्यावर वच्छलेनं त्या रात्री दुसरी भाकरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या घरात एक नवंच चित्र दिसायला लागलं. वर्षभर जे कुणी केलं नव्हतं ते आता सगळे मिळून आठ दिवसांत उरकायला निघाले होते. सासूबाई, सोजरबाई, गेल्या पाडव्याला म्हणाल्या होत्या की आपलं नाव लिहायला शिकीन. त्याच्या आदल्या पाडव्यालाही तेच म्हणाल्या होत्या. आता त्या चुलीपुढं पाटी घेऊन बसायच्या, आणि 'सो'चा काना ओढेपर्यंत डाळ उतू जायची. वच्छलेचा नवरा भीमा गिरणीच्या साचेखात्यात मागावर होता. त्यानं तालमीत एका दमात शंभर दंड मारून दाखवीन असं कबूल केलं होतं आणि वर्षभरात तो चाळिसाच्या पुढं गेला नव्हता. आता तो पहाटे एकदा आणि गिरणीतून आल्यावर एकदा असे दंड मारत सुटला. चौथ्या दिवशी त्याचे हात खांद्याच्या वर जाईनात. वच्छला त्याच्या डोक्यावर पटका बांधून द्यायची तेव्हा तो लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राही.

एकट्या मुक्ताबाई निवांत होत्या. या रावजींच्या थोरल्या बहीण. सगळी चाळ त्यांना आक्का म्हणे. त्या दर पाडव्याला मिश्री सोडीन म्हणून सांगत आणि दर पाडव्याला, जबाब द्यायच्या वेळी, त्यांचे दात काळे असत. रावजींच्या थांबण्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे, कारण त्यांनी रावजींना अंगडं-टोपडं घातलेलं होतं.

वच्छलेनं त्यांनाच जाऊन विचारलं, की आक्का, मी काय बोलू?

"तू बी मिश्री सोडती म्हण," आक्का म्हणाल्या.

"पर मी लावतच न्हाय की."

"मग तर लई सोपं."

वच्छलेला हसू आलं, पण रात्री पाठ टेकली की पुन्हा तोच विचार. शिवण शिकीन म्हणावं तर घरात मशीन नाही. वाचायला शिकीन म्हणावं तर तिला चार बुकं येत होती, ते खोटं झालं असतं. लवकर उठीन म्हणावं तर ती आधीच कोंबड्याच्या आधी उठत होती. पुरणाची डाळ निवडताना तिच्या मनात हेच चालायचं, घर सारवताना हेच. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं की मामंजी स्वतः काय बोलतात. भीमा म्हणाला, बाबा मनातल्या मनात बोलतात. ओठ हलतात, पण ऐकू काही येत नाही. आणि दर पाडव्याला ते नुसतं "माजं झालं" एवढं सांगतात, आणि खरंच झालेलं असणार, कारण बाबा खोटं बोलत नाहीत.

रावजींचं एक मात्र गेल्या महिन्याभरात बदललं होतं. ते अंधारातच उठून बाहेर पडायचे आणि भोंग्याच्या आत परत यायचे. सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला जातो म्हणायचे. एकदा ते लंगडत आले. एकदा कोपराला माती होती. देवळाच्या पायऱ्या दहिवरानं निसरड्या झाल्यात, असं त्यांनी सांगितलं, आणि फाल्गुनात सोलापूरला दहिवर कुठलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पाडव्याच्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. पहाटे सगळे न्हाऊन तयार झाले आणि सोजरबाईंच्या लक्षात आलं की घरात कडुलिंबच नाही. आदल्या संध्याकाळी तो आणायचं काम आक्कांकडे होतं. आक्का म्हणाल्या, आणणारच होते, पण वाटेत कोपऱ्यावरची शांतम्मा भेटली. रावजी अजून देवळातून आले नव्हते. ते यायच्या आत पाला यायला हवा होता. भीमाचे हात फांदीपर्यंत पोचण्यासारखे नव्हते. तेव्हा वच्छलेनं बांबूला बांधलेला विळा उचलला, डोक्यावरचा पदर सावरला आणि ती चाळीमागच्या मैदानाकडे निघाली. तिथं कडेला एक जुना कडुलिंब होता.

नुकतं कुठं फटफटत होतं. तिनं डहाळ्या पाडल्या, गोळा केल्या आणि वळणार तोच मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणाचं तरी ओरडणं ऐकू आलं. "मुंद नोडरी, मुंद! पुढं बघा, पुढं!" आवाज तिप्पण्णाचा होता. हा अक्कलकोटकडचा माणूस, शांतम्माचा नवरा, चाळीच्या कोपऱ्यावर त्याचं सायकली भाड्यानं देण्याचं दुकान होतं. त्याच्या घरात कानडी बोलत, गिऱ्हाइकाशी तो मराठी बोले, आणि घाबरला की त्याच्या तोंडून दोन्ही भाषा एकदम बाहेर पडत.

एक सायकल नागमोडी येत होती. वर धोतर गुडघ्याच्या वर खोचलेला, डोक्याला फेटा गुंडाळलेला एक जाडजूड माणूस होता. तिप्पण्णा मागं सीट धरून वाकून पळत होता. सायकल थेट कडुलिंबाकडे आली, ऐनवेळी उजवीकडं झुकली, डावीकडं झुकली आणि वच्छलेपासून दहा पावलांवर धुळीत आडवी झाली. माणूस उठून बसला. त्यानं फेटा सारखा केला.

ते मामंजी होते.

वच्छलेनं पदर नाकापर्यंत ओढला. तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांनाही तेच वाटत असावं. मग तिप्पण्णानंच तोंड उघडलं. त्यानं सांगितलं की महिना झाला, रावजी रोज येतात आणि रोज पडतात. तोल चांगला आहे, जीव लावून करतात, पण चाक फिरायला लागलं की यांचं ध्यान चाकावर नसतं. पायडल मारता मारता मोजत बसतात. झाडापर्यंत आज किती लागले, कालच्यापेक्षा किती कमी. आणि मोजताना पडतात.

रावजींनी तिप्पण्णाकडे असं पाहिलं की तो सायकल उचलायला लागला. मग ते जमिनीकडे बघत सुनेशी बोलू लागले. नाहीतरी आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. चौदा वर्षांचे असताना त्यांनी जेऊरच्या स्टेशनावर एका रेल्वेच्या साहेबाला सायकलवरून जाताना पाहिलं होतं. ते दोन कोस त्याच्यामागं पळत गेले होते, अनवाणी, बैल रानात तसेच सोडून. संध्याकाळी मार खाल्ला. तेव्हापासून ती गोष्ट मनात होती, पण नोकरी, संसार, पोरं, यात कुठं बोलून दाखवावी अशी ती नव्हतीच. गेल्या पाडव्याला गुढीपुढं ओठ हलवताना ती बाहेर पडली. आणि एकदा बोलल्यावर ती गोष्ट राहिली नाही, ते एक काम होऊन बसलं. अकरा महिने त्यांनी ते काम ढकललं. शेवटी महिना राहिला तेव्हा तिप्पण्णाचं दार ठोठावलं.

"साल संपायला आलं," ते म्हणाले. "दिस उगवायच्या आत जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर..."

ते थांबले. हे थांबणं नेहमीचं नव्हतं.

"तर काय व्हईल, मामंजी?" वच्छलेनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आठ दिवस तिला स्वतःबद्दलही तेच कळत नव्हतं.

रावजींनी विचार केला. वच्छलेनं त्यांना इतका वेळ काही शोधताना कधी पाहिलं नव्हतं. तीनशे माणसांचे नंबर एका दमात सांगणारा माणूस, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुठं ठेवलंय ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात गिरण्यांच्या उंच चिमण्यांमागून सूर्याची कोर वर आली. रोज यावेळी भोंगा व्हायचा. आज सुट्टी, सगळं शांत होतं. कुठंतरी एक कोकीळ तेवढी ओरडत होती. रावजींनी सूर्याकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"गेलं," ते म्हणाले. "संपलं साल."

"मग आता करायचं काय राह्यलंच न्हाय की," वच्छला म्हणाली. "आता नुसतं सायकलवर बसा."

ती सासऱ्याशी एवढी कधीच बोलली नव्हती. बोलून गेल्यावर तिची तीच दचकली. पण रावजी उठले. धोतर झटकायलाही ते थांबले नाहीत. तिप्पण्णानं सायकल धरली, ते बसले, आणि तिप्पण्णा पुन्हा वाकून पळायला लागला. पन्नासएक पावलांवर त्यानं सीट सोडली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सायकल चालतच राहिली.

रावजींना ते कळलं नव्हतं. कळलं तेव्हा चाक जरा डगमगलं, आणि वच्छलेला राहवलं नाही. हातातल्या कडुलिंबाच्या डहाळ्यांसकट ती धावत सुटली. सायकलच्या बाजूनं धावता धावता तिनं ओरडून सांगितलं की मामंजी, कुणी धरलेलं नाही, तुमचे तुम्हीच आहात. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तिला तो वर घ्यायची आठवण राहिली नाही. रावजींनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा समोर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता. वच्छलेनं तो ओळखला नाही, कारण त्या घरात आल्यापासून तिनं तो ऐकलेला नव्हता.

त्यांनी मैदानाला एक फेरी घातली. दुसरी घातली. तिसऱ्या फेरीला ते तिप्पण्णाजवळून गेले तेव्हा त्यांनी विचारलं की आता उतरायचं कसं. तिप्पण्णानं कपाळावर हात मारला. उतरायला शिकवायची वेळच कधी आली नव्हती. रावजी आजवर आपोआपच उतरत आले होते. ब्रेक दाबा, असं त्यानं ओरडून सांगितलं, पण तोवर सायकल मैदानातून रस्त्यावर उतरली होती आणि तलावाच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

तिकडं चाळीत सगळ्यांच्या गुढ्या उभ्या राहिल्या होत्या. खणाचे, जरीचे कपडे वाऱ्यावर हलत होते, उलटे तांबे उन्हात चमकत होते. फक्त टाइमकीपरांच्या दारात काठी अजून आडवी होती. लोक येता-जाता बघत होते. सोजरबाईंनी तीनदा दारात येऊन पाहिलं. भीमा तीनदा चाळीच्या फाटकापर्यंत जाऊन आला. वच्छला पाला घेऊन परतली, तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला होता आणि श्वास लागलेला. मामंजी कुठं दिसले का, असं सासूबाईंनी विचारलं. येतायत, एवढंच ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. तिनं तोंड फिरवून पाला वाटायला घेतला.

अर्ध्या तासानं घंटीचा आवाज आला. चाळीच्या फाटकातून रावजी आत आले. फेटा सुटून त्याचा शेमला मागं उडत होता, गुडघा खरचटलेला होता आणि चेहऱ्यावर चौदा वर्षांच्या पोराचं हसू होतं. ते तलावाला अख्खा वळसा घालून आले होते.

"भीमा, धर मला," ते लांबूनच म्हणाले.

भीमा धावला. त्यानं दोन्ही हात पुढं केले, पण आठ दिवसांच्या दंडांनी त्या हातांत काही ठेवलं नव्हतं. बाप, लेक आणि सायकल असे तिघं दारातल्या रांगोळीवर एकत्र बसले. टाइमकीपर आता काय म्हणतील याची सगळ्यांना भीती होती. रावजींनी मांडीखालचा रांगोळीचा लाल रंग बोटानं पाहिला आणि ते पुन्हा हसायला लागले. मग आक्का हसल्या. आक्का हसल्यावर कुणाला थांबायचं कारण उरलं नाही.

त्या वर्षी चाळीत सगळ्यांत शेवटी गुढी उभी राहिली ती रावजींच्या दारात. पूजा झाली. वच्छलेनं गुळात कुटलेला कडुलिंब सगळ्यांच्या हातावर ठेवला. तोंड वाकडं करत सगळ्यांनी तो खाल्ला आणि सवयीनं सगळे गुढीपुढं ओळीनं उभे राहिले. भीमा खाली बघत होता. आक्कांनी ओठ मिटून दात झाकले होते. वच्छला ओळीत सगळ्यांत शेवटी जाऊन उभी राहिली, कारण आठ दिवस झाले तरी तिला काही सुचलेलं नव्हतं.

रावजींनी तोंडातला उरलेला कडुलिंब गिळला. ओळीकडं पाहिलं.

"पुरनाला किती येळ हाय?" त्यांनी विचारलं. "मला लई भूक लागलीया."

भीमानंच शेवटी धीर करून विचारलं की बाबा, गेल्या सालचं? रावजी म्हणाले, गेलं साल गेलं की. बरं, मग औंदाचं? औंदाचं औंदा बघू, ते म्हणाले, आज पाडवा हाय. आणि ते पाय धुवायला निघाले.

पण सोजरबाईंनी त्यांना वाटेत अडवलं. त्यांना राग आला होता. आठ दिवस डाळ करपवून, बोटं दुखवून त्या ज्याची तयारी करत होत्या ते कुणी विचारणारच नाही म्हणजे काय. त्या आत गेल्या आणि पाटी घेऊन आल्या. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सोजर' असं होतं. 'सो' जरा कलंडलेला होता, 'र' भिंतीला टेकून बसल्यासारखा.

"बाई राह्यली," त्या म्हणाल्या. "पर एवढं येतं मला."

रावजींनी पाटी हातात घेतली. त्यांचं बोट सवयीनं 'सो'च्या कान्याकडं गेलं, तो सरळ करून दाखवायला. मग ते तिथंच थांबलं. त्यांनी बराच वेळ ती अक्षरं पाहिली.

"ज बेस जमलाय," ते म्हणाले.

सोजरबाईंचा राग गेला. त्या म्हणाल्या की आधी त्यांना भीती वाटायची, पण परवा दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी उगाच पाटी घेतली आणि ज काढत बसल्या, पाटी भरेपर्यंत ज काढले. बरं वाटत होतं काढायला. 'बाई'चं त्या अशाच कधीतरी बघणार होत्या. पाटी त्यांनी पुसली नाही, भिंतीतल्या देवळीत नीट उभी करून ठेवली.

जेवायला बसले तेव्हा आक्कांनी न विचारताच सांगितलं की यंदा त्या मिश्री सोडणार. भीमाला ठसका लागला. शांतम्मानं होळीगे, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी, पाठवली होती, वच्छलेनं आपल्या पोळ्या पाठवल्या होत्या, आणि कुणाचं पुरण जास्त गोड यावर तिप्पण्णा दारातच उभा राहून दोन्ही बाजूंनी बोलत होता. रावजींनी पाचवी पोळी मागून घेतली आणि वच्छला तूप वाढायला वाकली तेव्हा त्यांनी सहज विचारलं की पोरी, तू काय बोलणार होतीस?

तिला आता भीती वाटली नाही. तिनं खरं सांगितलं की काहीच ठरलं नव्हतं. आठ दिवस विचार करून करून डोकं दुखलं, पण काही सुचलं नाही. मग तुपाची वाटी हातात धरून ती जरा घुटमळली.

"पर सकाळी मी पळाले, मामंजी," ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं एकदा बी पळाले न्हवते."

रावजींनी मान हलवली. सोजरबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि सुनेकडं पाहिलं.

दुपारी सगळे जिथं जागा मिळेल तिथं झोपले. रावजी ओट्यावर, फेटा उशाला घेऊन. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. वच्छला भांडी घासायला बसली तेव्हा सोजरबाई राख घेऊन शेजारी येऊन बसल्या. मग सोजरबाईंनी आवाज खाली घेऊन विचारलं की पळताना धाप लागते का गं. वच्छला म्हणाली, लागते, पण लगेच थांबावंसं वाटत नाही. सोजरबाई म्हणाल्या की त्या शेवटच्या पळाल्या तेव्हा भीमा पोटातसुद्धा नव्हता, आणि तेव्हाही मागं लागलेल्या बैलामुळं. तशा आपण होऊन म्हणाल तर न्हाण यायच्या आधी. त्यांनी पातेलं पालथं घातलं. सकाळी गवऱ्या आणायला मैदानाच्या बाजूला जायचंच आहे, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा नेहमीच्या वेळी झाला. रावजी त्याच्या आधीच खिडकीत जाऊन बसले होते. पायीच गेले होते, कारण सायकलवरून उतरणं अजून व्हायचं होतं. लोक आत शिरत होते, रावजी नंबर बघत होते. भोंगा थांबला, फाटकावरच्या शिपायानं दार अर्धं लोटलं, आणि त्यानंतर सात मिनिटांनी, हातात भाकरीचं फडकं आणि तोंडात निम्मा घास अशा अवस्थेत, पळत भीमा आला.

टाइमकीपरच्या पोराला उशीर झालाय, हे बघायला दोन-चार जण मुद्दाम थांबले. रावजींनी घड्याळ पाहिलं. नंबर पाहिला.

"कशानं उशीर?"

"आईनं भाकरी उशिरा केली."

"का?"

भीमानं इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीशी तोंड नेलं.

"आई पळाया गेली हुती. मैदानात. वच्छलेबरुबर."

रावजींनी लेकाकडं बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि त्याचा उशीर मांडला, सात मिनिटं, एकही कमी नाही. भीमा आत गेला. पण त्या दिवशी खिडकीसमोरून जे जे गेले त्यांनी साचेखात्यात जाऊन सांगितलं की टाइमकीपर एकटेच बसल्या बसल्या मिशीत हसतायत, आणि कुणी विचारलं तर नुसते हात हलवून पुढं जा म्हणतायत.